एन्वर होजाच्या मागे मागे : आल्बेनियातले आठ दिवस

दिवस १ : टिराना

टिरानाच्या विमानतळाला मदर तेरेसांचं नाव आहे. बोर्डवर ते वाचलं आणि बाबा बॅगा हातात धरून तिथेच उभे राहिले. मदर वंशाने आल्बेनियन, जन्म स्कोप्येचा, पण त्यांची आई आणि बहीण टिरानात राहायच्या, आणि या बाईला कोलकात्याहून त्यांना भेटायला यायची परवानगी कधी मिळालीच नाही. आई १९७२ मध्ये गेली, बहीण तिच्या पाठोपाठ गेली, आणि मदर पहिल्यांदा इथे आल्या त्या १९८९ मध्ये, म्हणजे आईच्या कबरीवर फुलं वाहायला. तोपर्यंत इथला कम्युनिस्ट हुकूमशहा एन्वर होजाला जाऊन चार वर्षं झाली होती. ट्रिपची सुरुवात अशी विमानतळावरच झाली.

ही ट्रिप खरं तर बाबांची. बाबा तीस वर्षं युनियनमध्ये होते, आणि त्यांच्या ऑफिसच्या कपाटात टिरानाहून छापून आलेल्या इंग्रजी पुस्तिका असायच्या. युगोस्लाव्हियाचा टिटो बदलला, रशियाचा ख्रुश्चेव्ह बदलला, माओनंतर चीनही बदलला, पण युरोपच्या कोपऱ्यातला एक छोटासा देश बदलला नाही, असं त्या वयात त्यांना कुठेतरी भारी वाटायचं. रिटायर झाल्यावर ते म्हणाले, "अगं, एकदा जाऊन बघायचंय तो देश, नुसत्या वाचण्यावर मी इतकी वर्षं बोललो." म्हणून आम्ही दोघं निघालो, आणि प्लॅन असा केला की हा माणूस जिथे शिकला, जिथे सत्तेवर आला आणि जिथे पुरला गेला त्या सगळ्या जागा शक्य तितक्या ओळीने बघायच्या.

संध्याकाळी स्कंदरबेग चौकात गेलो. प्रचंड मोकळा चौक, एका कोपऱ्यात एथेम बे मशीद, छोटीशी आणि आतून सुंदर रंगवलेली. १९६७ मध्ये होजाने देशातल्या सगळ्या मशिदी आणि चर्च बंद केले, जगातलं पहिलं नास्तिक राष्ट्र अशी घोषणाच केली, आणि १९७६ च्या राज्यघटनेत तर ते कलमच घातलं. ही मशीद जुनी वास्तू म्हणून पाडली नाही, पण कुलूप लागलं ते लागलंच. १८ जानेवारी १९९१ ला हजारो लोक परवानगीची वाट न बघता आत शिरले. आणि महिन्याभराने, २० फेब्रुवारीला, याच चौकात उभा असलेला होजाचा भलामोठा पुतळा लोकांनी दोर लावून पाडला. तो कुठे उभा होता ते आम्ही शोधत होतो, एका म्हाताऱ्या माणसाला खुणेने विचारलं, त्याने हाताने जागा दाखवली आणि निघून गेला, एक शब्द बोलला नाही.

दिवस २ : टिराना

सकाळी हाऊस ऑफ लीव्ह्ज, म्हणजे पानांचं घर. वेलींनी भरलेली दोन मजली कोठी, मोठ्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या समोर, बाहेरून एखाद्या जुन्या डॉक्टरांचा बंगला वाटावा अशी, आणि खरंच ती १९३१ मध्ये प्रसूतिगृह म्हणून बांधली होती. मग जर्मन आले तेव्हा गेस्टापोने घेतली, आणि जर्मन गेल्यावर सिगुरिमीने, म्हणजे होजाच्या गुप्त पोलिसांनी. २०१७ पासून म्युझियम आहे. आत टेपरेकॉर्डर, हेडफोन, लाकडाच्या तुकड्यात बसवलेले मायक्रोफोन, छुपे कॅमेरे, सगळं काचेमागे मांडलंय, आणि भिंतीवर नावं, नावं, नावं.

मला तिथे एक शब्द कळला जो पुढे ट्रिपभर सतत कानावर पडत राहिला, 'बिओग्राफी'. म्हणजे तुमची कुंडली म्हणा. घरात कोणी जमीनदार होता का, कोणी राजाच्या बाजूचा होता का, कोणी देश सोडून पळालं का. बिओग्राफी खराब असली की चांगली नोकरी नाही, कॉलेज नाही, आणि चांगल्या बिओग्राफीचा मुलगा तुमच्या मुलीशी लग्न करायला धजत नाही. गुन्हा काकाचा आणि शिक्षा पुतणीला. एवढ्याशा, तीस लाखसुद्धा वस्ती नसलेल्या देशात सुमारे ६,००० लोकांना राजकीय कारणांनी मारलं गेलं आणि कित्येक हजार तुरुंगात किंवा नजरकैदेत गेले. त्यातल्या हजारोंचे अवशेष घरच्यांना आजही मिळालेले नाहीत. बाबांनी डायरी आणली होती, त्यात त्यांनी हे आकडे लिहून घेतले, काही बोलले नाहीत.

दुपारी ब्लॉकू. आज ही टिरानाची सगळ्यात गजबजलेली वस्ती, कॉफीशॉप्स, कपड्यांची दुकानं, रात्री उशिरापर्यंत पोरं-पोरी. पण १९९१ पर्यंत इथे सामान्य माणसाला पाऊल टाकता येत नव्हतं, पहारा असायचा, आत फक्त पॉलिटब्युरोची, म्हणजे पार्टीच्या सगळ्यात वरच्या नेत्यांची घरं. होजाचा व्हिला अजून आहे, आता तिथे कलाकारांना राहायला आणि काम करायला जागा दिली जाते. मला तो व्हिला बघून जे वाटलं ते वैभवाबद्दल नव्हतं, आपल्याकडे कितीतरी मोठे बंगले असतात. वाटलं ते अंतराचं. गल्लीच्या एका बाजूला रेशनची रांग, जिथे खासगी गाडी ठेवणं बेकायदेशीर, आणि दुसऱ्या बाजूला समतेच्या नावाने राज्य करणारा माणूस, मध्ये बंदूकधारी शिपाई.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "पण हे एकदम नाही झालं गं. सुरुवात काहीतरी वेगळी असणार, लोक उगाच मागे जात नाहीत." म्हटलं, चला, सुरुवातीच्या गावी जाऊ.

दिवस ३ : टिराना ते कोर्चा

गाडी आणि ड्रायव्हर ठरवला होता, चाळिशीचा माणूस, इंग्रजी बरं बोलणारा, आणि बाबांशी त्याचं पहिल्या तासातच जमलं. एल्बासानच्या बाहेर प्रचंड मोठा पोलाद कारखाना दिसतो, चीनच्या मदतीने १९७० च्या दशकात उभा केलेला. अर्धा पडका, गंजलेला, मैलभर पसरलेला. सोव्हिएत लोकांचं म्हणणं होतं की तुम्ही फळं पिकवा, धान्य आम्ही देतो, आणि होजाचं म्हणणं की आम्हाला कारखाने पाहिजेत, आम्ही कोणाची बाग होणार नाही. या मुद्द्यावर तो चुकीचा होता असं मला नाही वाटत, कोणत्याही गरीब देशाला असं वाटेलच. पण १९६१ मध्ये मॉस्कोशी फाटलं त्याची कारणं एवढीच नव्हती. ख्रुश्चेव्हने स्टॅलिनची निंदा केली आणि टिटोशी जुळवून घ्यायला घेतलं, आणि होजाची सत्ता तर स्टॅलिनच्या साच्यातली, ती निंदा मान्य करायची तर पहिला सवाल त्यालाच आला असता.

ओह्रिड तळ्याच्या काठाने दुपारी कोर्चाला पोचलो. थंड, नीटनेटकं, दगडी रस्त्यांचं गाव. इथे १८८७ ची पहिली आल्बेनियन भाषेतली शाळा आहे, आता म्युझियम. ऑटोमन राज्यात आपल्या भाषेत शिकणं हेच बंड होतं. आणि याच गावात फ्रेंच लिसे, म्हणजे हायस्कूल होतं, जिथे जिरोकास्तरच्या एका मुस्लिम घरातला, १९०८ मध्ये जन्मलेला एन्वर शिकला. १९३० मध्ये सरकारी स्कॉलरशिपवर फ्रान्सला माँपेलिएला गेला, अभ्यास जमला नाही, स्कॉलरशिप बंद झाली, काही काळ ब्रसेल्समध्ये आल्बेनियाच्या कॉन्सुलेटमध्ये सेक्रेटरी होता, आणि १९३६ मध्ये परत येऊन याच लिसेत फ्रेंच शिकवायला लागला. उंचापुरा, देखणा, बोलायला गोड, चांगले सूट घालणारा मास्तर. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण हुकूमशहा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लहानपणापासूनचा राक्षस येतो. तसं काही नव्हतं. पदवी न मिळवलेला एक मास्तर होता, बस.

७ एप्रिल १९३९ ला मुसोलिनीची फौज उतरली, राजा झोग पळून गेला. एन्वर टिरानाला गेला आणि तिथे 'फ्लोरा' नावाचं तंबाखूचं दुकान चालवायला लागला, तेच कम्युनिस्टांचं भेटायचं ठिकाण. तेव्हा देशात कम्युनिस्टांचे दोन-तीन गट होते, कोर्चाचा, श्कोद्राचा, तरुणांचा, आणि ते एकमेकांशीच भांडत होते. ८ नोव्हेंबर १९४१ ला युगोस्लाव्ह पार्टीच्या दोन माणसांनी मध्ये पडून सगळ्यांना एकत्र बसवलं आणि पार्टी काढली. होजा पुढे आला तो मोठा सिद्धांतकार होता म्हणून नाही, गटागटांच्या भांडणात त्याचं नाव कोणाला फार टोचत नव्हतं म्हणून. बाबा हसले आणि म्हणाले की युनियनमध्ये सुद्धा असंच होतं, दोन तगडे भांडतात आणि तिसरा सेक्रेटरी होतो.

पण कोर्चात मला भेटायचं होतं ते दुसऱ्याच माणसाला. साबिहा कासिमाती. याच लिसेत शिकलेली पहिली मुलगी, एन्वरच्याच काळातली. पुढे इटलीत तोरिनोला जीवशास्त्र शिकली, देशातली पहिली स्त्री शास्त्रज्ञ, माशांची अभ्यासक, आल्बेनियाच्या नद्या-तळ्यांतल्या माशांवर वर्षानुवर्षं काम केलेली. जुने मित्र एकेक करून पकडले जायला लागले तेव्हा ती थेट एन्वरला जाऊन बोलली असं सांगतात. १९ फेब्रुवारी १९५१ ला टिरानाच्या सोव्हिएत वकिलातीत एक छोटा बॉम्ब फुटला, कोणी मेलं नाही. आठवड्याभरात २२ लोकांना खटल्याशिवाय गोळ्या घातल्या, त्यात एकच बाई, साबिहा. तिचा त्या बॉम्बशी काही संबंध नव्हता. तिने जमवलेलं माशांवरचं काम नंतर दुसऱ्याच नावाने छापलं गेलं असं इथे म्हणतात.

तिच्या शाळेच्या गावात संध्याकाळी चालताना मला खूप जड वाटत होतं. नवं मोठं कॅथीड्रल गावाच्या मधोमध आहे, १९९० च्या दशकातलं, कारण जुनं सेंट जॉर्जचं होजाच्या सरकारने पाडून टाकलं होतं. मिराहोरी मशीद मात्र वाचली, पाचशे वर्षांची.

दिवस ४ : कोर्चा ते जिरोकास्तर, पेर्मेतवरून

हा रस्ता फार कमी लोक घेतात, सगळा डोंगरातला, वळणावळणाचा, एरसेका आणि लेस्कोविकवरून, पाच-सहा तास सहज जातात, ग्रीसची हद्द जवळच. आणि इथे बंकर दिसायला लागले. आधी दोन-चार, मग रांगेने. शेताच्या बांधावर, चर्चच्या मागे, शाळेच्या मैदानात, नदीच्या काठावर. उपडी वाटी ठेवल्यासारखा काँक्रीटचा घुमट आणि त्यात एक फट, बंदूक बाहेर काढायला. १९८० च्या दशकापर्यंत १,७०,००० हून जास्त बांधले होते, म्हणजे दर सोळा-सतरा माणसांमागे एक. शाळेतल्या पोरांना सुद्धा बंदूक चालवायचं ट्रेनिंग. एकदाही त्यांच्यावर हल्ला करायला कोणी आलं नाही. बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि एका बंकरमध्ये वाकून शिरले, आत कोणीतरी गवताचे भारे ठेवले होते. बाहेर येऊन म्हणाले, "एवढ्या सिमेंटमध्ये केवढी घरं झाली असती." आणि हे खरंच आहे, लोक त्या काळात एकेका छोट्या फ्लॅटमध्ये दोन-दोन कुटुंबं राहायची.

बंकर का, याचं उत्तर होजाच्या भांडणांत आहे. आधी मित्र युगोस्लाव्हिया. १९४८ मध्ये टिटो आणि स्टॅलिनचं बिनसलं, होजाने लगेच स्टॅलिनची बाजू घेतली आणि स्वतःचाच गृहमंत्री कोची झोझे, जो बेलग्रेडच्या जवळचा आणि होजाच्याच खुर्चीवर डोळा असलेला, त्याला १९४९ मध्ये मारलं. मग मित्र सोव्हिएत, १९६१ पर्यंत. व्लोराजवळच्या पाशालिमान तळावरून सोव्हिएत पाणबुड्या निघून गेल्या तेव्हा चार आल्बेनियाने ठेवून घेतल्या. मग चीन, १९७८ पर्यंत. मग कोणीच नाही. प्रत्येक वेळी बाहेरचा मित्र शत्रू झाला की घरात त्याचे 'एजंट' शोधले जायचे. शेवटी तर राज्यघटनेतच लिहून ठेवलं होतं की परदेशातून कर्ज घ्यायचं नाही, आणि चीन गेल्यावर दुकानं रिकामी व्हायला लागली.

पेर्मेतला जेवलो. व्योसा नदीच्या काठावरचं शांत गाव. मे १९४४ मध्ये इथे कम्युनिस्टांच्या आघाडीची काँग्रेस, म्हणजे परिषद भरली, झोगने परत यायचं नाही असा ठराव झाला, आणि होजा सरसेनापती झाला. जर्मन अजून देशात होते, पण सत्ता कोणाकडे जाणार हे इथेच ठरलं. त्याआधी १९४३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रवाद्यांबरोबर एकत्र लढायचा करार झाला होता, तो कम्युनिस्टांनीच मोडला, आणि मग जर्मनांशी लढाई आणि आपापसातली लढाई एकदमच चालू. त्यांची पोरं खरंच लढली, डोंगरात उपाशी राहून लढली, ब्रिटिशांनी त्यांच्यासाठी विमानातून शस्त्रं टाकली, आणि १७ नोव्हेंबर १९४४ ला टिराना सोडवलं. रशियाची फौज इथे कधी आलीच नाही. पूर्व युरोपातल्या बाकीच्या बहुतेक देशांत सत्ता रणगाड्यावर बसून आली, इथे मात्र ती गावच्या पोरांनी खांद्यावरून आणली, आणि मला वाटतं म्हणूनच ती इतकी घट्ट बसली. होजाच्या विरोधात बोलणं म्हणजे त्या मेलेल्या पोरांच्या विरोधात बोलणं, असं त्याला कायम म्हणता आलं. डिसेंबर १९४५ च्या निवडणुकीत एकच आघाडी, ९३ टक्के मतं. जानेवारी १९४६ मध्ये प्रजासत्ताक.

तेपेलेना जिरोकास्तरच्या वाटेवरच. इथे १९४९ ते १९५४ छावणी होती, पळून गेलेल्यांच्या बायका, म्हातारे आणि पोरं जुन्या इटालियन बराकीत कोंबलेली. रोगराईत कितीतरी पोरं गेली. थोड्या पडक्या भिंती आहेत, गवत आहे.

तिथे गाडीला टेकून ड्रायव्हरने त्याच्या आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबांना तिशीपर्यंत अक्षर ओळखता येत नव्हतं. युद्धाआधी या देशात दहातले आठ लोक निरक्षर होते. नव्या सरकारने गावागावात रात्रीचे वर्ग काढले, शहरातून तरुण मुलं-मुली शिकवायला आली, आणि आजोबा दिव्याच्या उजेडात वाचायला शिकले. दलदली सुकवल्या आणि मलेरिया गेला. १९७० पर्यंत प्रत्येक गावात वीज पोचली. आधी देशात प्रवासी रेल्वेच नव्हती, पहिली लाईन १९४७ मध्ये तरुणांनी स्वतः खणून टाकली, त्यात आजोबाही होते. आणि मग आजोबांचा धाकटा भाऊ एका रात्री ग्रीसमध्ये पळून गेला. आठवड्यात अख्खं कुटुंब ट्रकमध्ये घालून लुश्न्याच्या मैदानातल्या नजरकैदेच्या गावात. ड्रायव्हरची आई तिथेच जन्मली, वर्गात पहिली यायची, युनिव्हर्सिटीचा फॉर्म भरला तर परत आला. आजोबांना वाचायला शिकवलं ते त्यांनीच, आणि त्यांच्या मुलीची पुस्तकं काढून घेतली तीही त्यांनीच, तो म्हणाला. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ कोणी गाडीत बसलं नाही.

दिवस ५ : जिरोकास्तर

पूर्ण दगडाचं गाव. छपरंसुद्धा दगडी पाट्यांची, पाऊस पडला की सगळं चांदीसारखं चमकतं, आणि आज पाऊस होताच. २००५ पासून युनेस्कोच्या यादीत. होजाचं जन्मघर जळालं होतं, १९६० च्या दशकात जुन्या पद्धतीने भव्य बांधून त्याचं म्युझियम केलं, आणि आता तिथे लोकजीवनाचं म्युझियम आहे, चुली, जाजमं, पाळणे. त्याचा उल्लेख जेमतेम. दोन गल्ल्या पलीकडे लेखक इस्माइल कादारेंचं घर. एकाच गावात एकाने देशाला कुलूप लावलं आणि दुसऱ्याने त्या कुलपाआडून लिहून देशाचं नाव जगभर नेलं.

आणि तिसरं नाव, जे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं, मुसिने कोकालारी. याच गावात वाढलेली, पुस्तक छापणारी पहिली आल्बेनियन लेखिका, रोमला शिकलेली, डावीच, सोशल डेमोक्रॅट. नोव्हेंबर १९४४ मध्ये, टिराना सुटायच्या चार-पाच दिवस आधी, तिच्या दोन भावांना पार्टिझननी, म्हणजे होजाच्या कम्युनिस्ट लढवय्यांनी गोळ्या घातल्या. १९४६ मध्ये तिच्यावर खटला, कारण तिने निष्पक्ष निवडणुकीची मागणी केली. कोर्टातला फोटो आहे, डोक्यावर काळी ओढणी, कारण ती भावांचं सुतक पाळत होती, आणि मान ताठ. वर्षानुवर्षं तुरुंग, मग रेशेन नावाच्या गावात नजरकैद आणि मजुरीचं काम, आणि १९८३ मध्ये कॅन्सरने तिथेच गेली. परत लिहू दिलं नाही. त्या फोटोसमोर बाबा म्हणाले, "ही तर आपल्यातली होती गं." मला हे वाक्य पूर्ण ट्रिपमधलं सगळ्यात मोठं वाटतं. राजाच्या माणसांना, जमीनदारांना मारलं हे बाबांना इतिहासाचा हिशोब म्हणून कुठेतरी समजत होतं, जरी मला नाही समजत. पण साबिहा, मुसिने, या कोणत्या हिशोबात बसतात?

किल्ल्यावर एक अमेरिकी लष्करी जेट पडलंय, १९५७ मध्ये उतरायला लावलेलं, हेरगिरीचा पुरावा म्हणून लोकांना दाखवायला ठेवलेलं. किल्ल्याच्या खाली बोगदा आहे, अणुयुद्धात गावच्या अधिकाऱ्यांनी लपायला बांधलेला, खोल्यांवर पाट्या अजून आहेत. ओल, अंधार. लगेच बाहेर आलो.

दिवस ६ : बेरात

आज फक्त फिरलो, मुद्दाम. पांढरी घरं, खिडक्यांच्या रांगा, नदीवरचा पूल, किल्ल्यात राहती वस्ती. ऑक्टोबर १९४४ मध्ये इथे हंगामी सरकार झालं आणि होजा पंतप्रधान, वय ३६. समोर श्पिराग डोंगर. १९६८ मध्ये त्याच्या उतारावर दगडांनी प्रचंड अक्षरांत 'एन्वर' लिहिलं होतं, कित्येक किलोमीटरवरून दिसेल असं. सत्ता गेल्यावर ते पुसायचा प्रयत्न झाला, पण पुसलं गेलं नाही नीट. मग २०१२ मध्ये पहिल्या दोन रोमन अक्षरांची अदलाबदल केली आणि ते इंग्रजीत 'नेव्हर' झालं. संध्याकाळच्या उन्हात ते वाचत आम्ही पुलावर बसलो होतो. रात्रीपर्यंत टिराना.

दिवस ७ : स्पाच

उत्तरेला मिर्दिता भागात, हायवे सोडून डोंगरात शिरावं लागतं. १९६८ पासून इथे तांबं आणि पायराइटच्या खाणीत राजकीय कैद्यांना राबवत. कुंपणाची फार गरजच नव्हती, चारी बाजूंनी उघडे डोंगर. इमारती आता कोसळायला आल्यात, खिडक्या-दारं गेलीत, भिंतीवर फिकट घोषणा. कैदी तीन पाळ्यांत काम करायचे, कोटा पूर्ण नाही झाला तर शिक्षा. इथे आलेल्यांत मोठा कट करणारे फार थोडे होते. 'ब्रेड नाही' म्हटलं, परदेशी रेडिओ ऐकला, डायरीत काही लिहिलं, तेवढं पुरे, याला 'प्रचार आणि आंदोलन' असं कलम लावायचे. १९७२ च्या डिसेंबरमध्ये टीव्हीवर गाण्याचा एक महोत्सव झाला, कपडे आणि संगीत जरा आधुनिक, तेवढ्यावरून टीव्हीचे प्रमुख तोदी लुबोन्या तुरुंगात, आणि त्यांचा मुलगा फातोस, जो पुढे मोठा लेखक झाला, तोही याच खाणीत आला.

मे १९७३ मध्ये कैद्यांनी बंड केलं. तीन दिवस कॅम्प त्यांच्या ताब्यात होता, आणि त्यांनी छपरावर आल्बेनियाचा झेंडा लावला, पण त्यातला कम्युनिस्ट तारा काढून. नुसता दोन डोक्यांचा गरुड. फौज आली, चौघांना गोळ्या घातल्या, बाकीच्यांच्या शिक्षा वाढवल्या. ज्या देशात एवढ्या घरांवर कान लावलेले होते तिथे पहिल्यांदा बिनताऱ्याचा झेंडा फडकला तो तुरुंगाच्या छपरावर. मी त्या छपराकडे खूप वेळ बघत उभी होते. बाबांना खाली उतरायला पायऱ्या जमल्या नाहीत, ते वरच रस्त्यावर थांबले, पण टोपी काढून हातात धरली होती.

दिवस ८ : टिराना आणि परत

सकाळी बंकआर्ट, शहराच्या कडेला डोंगराच्या पोटात होजासाठी बांधलेला बंकर. १०६ खोल्या, पाच मजले, एक मोठं सभागृहसुद्धा. त्याची झोपायची खोली आहे, साधा पलंग, टेबल, फोन. आणि मेहमेत शेहूसाठीही खोली. शेहू सत्तावीस वर्षं पंतप्रधान, पार्टिझन काळापासूनचा साथी, स्वतःही तितकाच क्रूर. १९८१ मध्ये त्याच्या मुलाचं लग्न अशा घरात ठरलं की ज्यांचे नातेवाईक परदेशात पळालेले, म्हणजे बिओग्राफी खराब. त्यावरून बैठकीत त्याला फाडलं आणि १७ डिसेंबरला तो घरात मेलेला सापडला, सरकारने आत्महत्या म्हणून जाहीर केलं. नंतर सांगितलं की तो अमेरिका, सोव्हिएत आणि युगोस्लाव्हिया, तिघांचाही हेर होता. बायको तुरुंगात मेली, त्याच्या जवळच्या गृहमंत्र्यांना १९८३ मध्ये मारलं. कोची झोझेपासून सुरू झालेली ओळ पूर्ण देश फिरून पलंगाच्या बाजूच्या खोलीपर्यंत आली. होजा ११ एप्रिल १९८५ ला आजारपणात, आपल्या अंथरुणात गेला. मुलीने आणि जावयाने मिळून डिझाइन केलेलं पिरॅमिडच्या आकाराचं त्याचं म्युझियम १९८८ मध्ये उघडलं, तीन वर्षंही नीट टिकलं नाही. आता तिथे शाळकरी पोरं कॉम्प्युटर शिकतात आणि उतारांवर पायऱ्या केल्यात, आम्ही बाबांच्या वेगाने सावकाश वरपर्यंत चढलो, अख्खं शहर दिसतं.

दुपारी शारा कब्रस्तान. होजाला आधी शहीदांच्या स्मारकात पुरलं होतं, मदर आल्बेनियाच्या मोठ्या पुतळ्याशेजारी, १९९२ मध्ये तिथून काढून इथे सामान्य लोकांत आणलं. इतके दिवस प्रत्येक ठिकाणी आमच्याबरोबर आत आलेला ड्रायव्हर गेटशीच थांबला, म्हणाला तुम्ही या जाऊन, मी गाडीत आहे. कबर साधी, नाव आणि सालं, वर थोडी प्लास्टिकची आणि थोडी ताजी फुलं. म्हणजे कोणीतरी अजून येतं. बाबांनी गेटवरून सवयीने फुलं घेतली होती, ती त्यांच्या हातातच राहिली. दोन-तीन मिनिटांत म्हणाले, "चल."

येताना त्यांनी ती फुलं एका कबरीवर ठेवली जिच्यावरचं नाव मला वाचता आलं नाही, दगड नवा होता, शेजारी एक बाई पाणी घालत होती, तिने मान हलवली, ती इथली होकाराची मान होती की नुसता नमस्कार ते कळलं नाही. गाडीत बसल्यावर बाबांनी डायरी काढली आणि ड्रायव्हरला त्याच्या आजोबांचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. बाबांनी ते देवनागरीत लिहिलं, मग त्याच्याकडून त्यांच्या लिपीत बरोबर लिहून घेतलं, आणि खाली विचारून गाव लिहिलं, आधी जन्माचं आणि मग लुश्न्याचं. विमानतळापर्यंत तो आजोबांबद्दलच बोलत होता.